राखुंडीसाठी घर पाहिजे

३ तारीख, सोमवार

ज्या डॉक्टरांसाठी चौतीस वर्षं कवळ्या बनवल्या, त्यांनी निरोप देताना ही डायरी हातात ठेवली. त्यांच्याकडे आता यंत्र आलंय. पेशंटच्या तोंडात कॅमेरा फिरवायचा, की तिकडे दात तयार. डायरीचा कागद जाड आहे, बांधणीही चांगली आहे. पण कवळीवाल्याला डायरी म्हणजे टकल्याला कंगवा. दोन महिने कोरी पडून होती.

आज लिहायला कारण मिळालं. घरमालकाला ही जागा त्याच्या मुलासाठी हवी आहे हे माहीत होतंच. माझ्या मुलाने सकाळी चहाच्या वेळी सांगितलं की दुसरी जागा ठरली, तीस तारखेला जायचं. "दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक अडगळीची खोली. एकच अट आहे, प्राणी चालणार नाहीत."

म्हणजे ससा चालणार नाही. ससा नातीचा. तेरा वर्षांची असताना आणला, आज ती सोळाची आहे. रंग राखाडी, म्हणून 'राखुंडी' हे नाव मीच ठेवलं. शेवटी दातांशी संबंध आला पाहिजे ना! मला वाटलं, पोरगी आता घर डोक्यावर घेईल. ती म्हणाली, "ठीक आहे." चहा संपवला, कप विसळला. मग म्हणाली, "आजोबा, तिच्यासाठी घर तुम्हीच शोधा. तुम्हाला माणसं बरोबर कळतात."

आजकालची पोरं. तीन वर्षांचा जीव, आणि डोळ्यांत टिपूस नाही.

दोन खोल्या म्हणजे एक मुलगा-सुनेची, एक नातीची. अडगळीच्या खोलीत अडगळ. माझं नाव कुठे आलं नाही. मीही विचारलं नाही.

४ तारीख, मंगळवार

चिठ्ठी लिहिली. "राखुंडीसाठी घर पाहिजे. मादी, वय तीन, रंग राखाडी, स्वभाव शांत. हल्ली कमी खाते. वायरी कुरतडते. मांडीवर घेतलेलं आवडत नाही, शेजारी बसलेलं आवडतं." सूनबाई म्हणाली, "बाबा, वायरींचं कशाला लिहिता? कोणी येणार नाही." म्हटलं, गिऱ्हाइकाला कवळी टोचणार असेल तर आधीच सांगावं. दुसऱ्या दिवशी तो तोंड धरून येण्यापेक्षा बरं.

चार प्रती काढल्या. एक वाण्याकडे, एक औषधांच्या दुकानात, एक वाचनालयात. चौथी डॉक्टरांच्या दवाखान्यात लावायला गेलो होतो, पण बाहेरूनच परत आलो. काचेतून ते यंत्र दिसत होतं.

६ तारीख, गुरुवार

राखुंडी खातच नाही. ताटलीपाशी येते, तुकडा उचलते, तोंडातून टाकून देते आणि माझ्याकडे बघते. हनुवटी ओली असते. नातीचे क्लास सुरू झाल्यापासून खाणंपिणं मीच बघतो. नव्या कवळीचं गिऱ्हाईक असंच करतं, त्याला आपण सांगतो, मऊ खा. म्हणून मी गाजर उकडून, कुस्करून देतो, पाव दुधात भिजवतो. वाळकं गवत तर कधीच बंद केलं. आपल्यालाच बघवत नाही ते टोचरं गवत. मला वाटतं तिला सगळं समजलंय. मुकं जनावर, पण नको झालोय हे कोणाला कळत नाही?

नात पिंजऱ्याकडे फिरकतही नाही. गॅलरीत माझं कामाचं टेबल आहे, त्याखालीच पिंजरा आहे. पोरगी गॅलरीच्या दारापर्यंत येते आणि मागे वळते.

९ तारीख, रविवार

आज तीन ठिकाणांहून माणसं आली.

पहिलं एक जोडपं. बाईंचे समोरचे चार दात नवे, पांढरेशुभ्र, तोंडापेक्षा दात मोठे. म्हणाल्या, "फोटोत पांढरा छान दिसला असता." मी म्हटलं, पांढऱ्याची हौस तुमची भागलेली दिसते. मुलाने मला स्वयंपाकघरात नेऊन समज दिली.

दुसरा सोन्याचा दात घातलेला. पिंजऱ्यापाशी वाकला आणि विचारलं, "वजन किती भरेल?" त्याला जिन्यापर्यंत मीच सोडलं.

तिसऱ्या एक शिक्षिका होत्या. बाई चांगल्या, दात स्वतःचे आणि नीट राखलेले. पण ससा वर्गात ठेवणार, वर्गात चाळीस मुलं. आठवड्यात राखुंडीची ससेहोलपट झाली असती, आणि तीही शब्दशः. हात जोडून नाही म्हटलं.

दुपारी आवराआवर करताना दातांच्या छटांची पट्टी सापडली. एका पट्टीवर ओळीने सोळा दात, एकेका छटेचा एकेक. गिऱ्हाइकाच्या ओठापाशी धरून रंग जुळवायचा. नातीचे पक्के दात आल्यापासून दर वाढदिवसाला मी तिला गॅलरीत उभं करून दातांना ही पट्टी लावायचो आणि छटा लिहून ठेवायचो. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, या खुळाचं फार हसू यायचं. "पोरीची उंची मोजतात लोक, हे दात मोजतात." नात मागे येऊन उभी होती. म्हणाली, "आजोबा, या वर्षी माझी नोंद राहिली." वाढदिवस गेल्या महिन्यात झाला. म्हटलं, आता कशाला, दुकान बंद झालं. पट्टी खोक्यात टाकली. तिने ती काढून आपल्या कपड्यांच्या खोक्यात, अगदी वर ठेवली. पोरीला सामान भरायचं वळण नाही.

१२ तारीख, बुधवार

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तेव्हा सूनबाई शिलाईची टेप घेऊन माझं टेबल मोजत होती. लांबी, रुंदी, उंची, सगळं कागदावर लिहीत होती. मी डोळे मिटून पडून राहिलो. विकायचं असेल. सागवानी आहे, कोणीही घेईल. तिला विचारून अडचणीत कशाला टाकायचं? वाईट नाही ती. ही गेली त्या वर्षी, मला ताप होता तेव्हा, सूनबाई माझ्या उशाशी तीन दिवस बसून होती.

१३ तारीख, गुरुवार

राखुंडीने आज काहीच खाल्लं नाही. नाक हलणंसुद्धा मंद झालंय. घाबरलो. टोपलीत टॉवेल घालून रिक्षाने प्राण्यांच्या डॉक्टरणीकडे नेली. तरुण मुलगी, खालचे दात किंचित दाटीवाटीचे, हात मात्र कसबी. मी सांगत होतो की हिने मनाला लावून घेतलंय. तिने एका हाताने मान धरली, दुसऱ्याने ओठ वर केला आणि म्हणाली, "आजोबा, हिचे दात बघितलेत?"

समोरचे दात वाढून आत वळले होते. मागच्या दाढांना टोकं फुटून जीभ सोलली होती.

"सशाचे दात जन्मभर वाढतात. वाळकं गवत चावलं की झिजतात. मऊ किती दिवस देताय?"

"दोन महिने."

"तुम्ही काय करता?"

आयुष्यात पहिल्यांदा माझा धंदा सांगायची लाज वाटली. सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. चौतीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलो आणि घरच्या जिवाचा ओठ वर करून पाहिला नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. खरं म्हणजे जो दात वाढत नाही तोच मला माहीत. गिऱ्हाइकाला मऊ खा सांगायचं, तेच हिला सांगत बसलो.

भूल देऊन दात कापले, दाढा घासल्या. कापलेला एक तुकडा मी मागून घेतला. बोटाच्या नखाएवढा, बाकदार. काडेपेटीत ठेवलाय.

डॉक्टरणीने आणखी एक सांगितलं. एकटा ससा खुश राहत नाही. दुसरा ससा असेल असं घर बघा. चिठ्ठीची एक प्रत तिच्या भिंतीवरही लावली.

१५ तारीख, शनिवार

राखुंडीने वाळकं गवत खाल्लं! कुरुकुरु, कुरुकुरु, तासभर. एवढं गोड संगीत मी ऐकलं नाही. नातीला हाक मारली. दारातच उभी राहून ऐकलं, म्हणाली, "थँक्यू आजोबा," आणि झटकन आत गेली. सर्दी झालीय वाटतं, नाक ओढत होती.

संध्याकाळी मुलगा जवळ येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "बाबा, साच्यांचं प्लास्टर मोरीत जाऊन तुंबू नये म्हणून तुम्ही काय करायचात?" म्हटलं, खाली बादली ठेवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं. तो मान हलवत होता. बापाशी बोलायला विषय सुचत नसला की माणूस काहीही विचारतो. तरी बरं वाटलं.

१७ तारीख, सोमवार

आज कानावर पडलं ते लिहितो. सूनबाई मुलाला सांगत होती, "बाबांना आत्ता काही बोलू नकोस. ऐकताक्षणी नाही म्हणतील. एकदा तिथे नेऊनच सोडू."

नेऊनच सोडू.

दात असतील तोवर ओठांनी तक्रार करू नये, असं माझे वडील म्हणायचे. मी तक्रार करत नाही. घर लहान, पोरगी मोठी झाली, माझं काम संपलं. वृद्धाश्रम काही वाईट नसतात. फक्त त्यांनी चिठ्ठी कशी लिहिली असेल याचा विचार मनात आला. नर, वय एकाहत्तर, रंग राखाडी. मांडीवर घेतलेलं आवडत नाही, शेजारी बसलेलं आवडतं.

२० तारीख, गुरुवार

प्राण्यांच्या डॉक्टरणीकडची चिठ्ठी वाचून एक नर्सबाई आल्या. पन्नाशीच्या, ड्यूटीवरून थेट, पायात कापडी बूट. एक सुळा वाकडा आणि तो लपवायची अजिबात खटपट नाही. आल्या त्या पाणीही न घेता पिंजऱ्यापाशी बसल्या आणि सगळ्यांत आधी राखुंडीचा ओठ वर केला.

मी मनात म्हटलं, झालं, घर मिळालं.

वर मलाच प्रश्नांवर प्रश्न. काय खाते, कशाला घाबरते, कुठे खाजवलेलं आवडतं. त्यांच्याकडे एक पांढरा ससा आहे, त्याची जोडीदारीण हिवाळ्यात गेली. तेव्हापासून तो दाराकडे तोंड करून बसतो. त्याचं ऑपरेशन झालंय, पिल्लांची भानगड नाही. तळमजल्यावर घर, मागे जाळी लावलेलं अंगण. म्हणाल्या, "रविवारी मी आणि नवरा येऊन नेतो. आधी आठ दिवस मध्ये जाळी ठेवू, एकमेकांचा वास ओळखीचा होऊ दे. कोणालाही एकदम कोणाच्या घरात ढकलून चालत नाही."

मी विचारलं, "तुमच्या ओळखीत म्हाताऱ्यांना ठेवून घेणारं एखादं ठिकाण आहे का? साधंच. उजेड असला की झालं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कोणासाठी?"

"आहे एक ओळखीचा."

"त्या ओळखीच्याला सांगा, आधी घरच्यांना विचार. माणसांना ओठ वर करून बघता येत नाही, विचारावंच लागतं."

२३ तारीख, रविवार

राखुंडी गेली. टोपलीत टॉवेल, टॉवेलवर गवत, बरोबर तिची कुरतडलेली लाकडी फळी. नात सकाळपासून मैत्रिणीकडे. मला राग आला होता, खोटं कशाला लिहू? नर्सबाईंचा नवरा टोपली अशी धरून उतरला की जणू आत काठोकाठ भरलेली वाटी आहे. दोघांचे पाय धरावेत असं वाटलं. परका जीव, त्यातून खोडकर, त्याला कोणी असं घेऊन जातं?

गॅलरीत बसलो. टेबलाखाली रिकामं आहे. पायांना सवय होती कोणीतरी शेजारी असल्याची.

२७ तारीख, गुरुवार

आज जे कळलं ते नीट, क्रमाने लिहितो.

घरी मी एकटाच होतो. जागा मिळवून देणारा एजंट किल्ली द्यायला आला. घामाघूम, बडबड्या. वरची कवळी सैल, बोलताना टकटक वाजते. पाणी दिलं. पिऊन म्हणाला, "काका, तुमच्या खिडकीने माझे जोडे झिजवले बघा!"

"माझ्या खिडकीने?"

"उत्तरेची खिडकी, उत्तरेची खिडकी, दोन महिने डोकं खाल्लं तुमच्या घरच्यांनी. उन्हाची तिरीप नको, उजेड मात्र दिवसभर हवा, म्हणे दातांचा रंग त्यातच जुळतो. अकरा जागा दाखवल्या. शेवटी ही सापडली, तीही अडगळीच्या खोलीला! आता तिथे तुमचं टेबल बसवायला सुतार लागलाय. माप मिलिमीटरमध्ये दिलंय तुमच्या सूनबाईंनी. प्लास्टरसाठी मोरीला वेगळी टाकी काय, कॉटसाठी कोपरा काय. पोटमाळा बांधून त्या खोलीतली अडगळ वर हलवतायत."

मी त्याचा पेला पुन्हा भरला. तो बोलतच होता.

"त्याआधी एक जागा झकास होती, अंगणवाली. ससासुद्धा चालत होता मालकाला. तुमच्या मुलाने जवळजवळ हो म्हटलं होतं. पण तुमची नात सगळ्या खोल्या फिरून आली आणि म्हणाली, इथे आजोबांना उजेड नाही, ही नको. मी म्हटलं, बाळ, इथे तुझा ससा येईल, तिथे येणार नाही. तर म्हणते, माहीत आहे मला."

तो गेल्यावर ही डायरी पहिल्यापासून वाचली. डोळ्यांत टिपूस नाही, असं तीन तारखेला मीच लिहिलंय. खोडून टाकणार होतो. नाही खोडलं. राहू दे. चौतीस वर्षं रंग जुळवणाऱ्या माणसाला घरातल्या घरात किती चुकीचं दिसू शकतं, याचा तो पुरावा आहे.

नात क्लासवरून आली. मी म्हटलं, "ती अंगणवाली जागा घ्यायची होती. मला कुठलाही कोपरा चालला असता."

तिने दप्तर खाली ठेवलं. "म्हणूनच सांगितलं नाही. तुम्ही हेच म्हणाला असता."

"अगं, पण माझं काम बंद झालंय. खिडकीत बसून करू काय?"

"काम डॉक्टरांनी बंद केलं, आजोबा. तुम्ही तर उजेडात बसणंच बंद केलंत. भिंतीकडे तोंड करून बसता. माझ्या दातांची नोंदसुद्धा केली नाहीत." मग तिचा आवाज फुटला. "राखुंडीला देताना मला बघवलं नसतं. म्हणून तुम्हाला शोधायला सांगितलं. तुम्ही वाईट घरी दिलंच नसतं."

मी तिला जवळ घेतलं. तीन आठवड्यांचं रडणं एकदम बाहेर आलं, तिचंही, माझंही. सूनबाई मध्येच आली, कसला आवाज म्हणून, आणि सगळं समजून तीही रडायला लागली. मी तिला म्हटलं, "मला वाटलं टेबल विकतेस." ती रडता रडता म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणजे ना!" मुलगा आला तेव्हा आम्ही तिघं नाक पुसत होतो. तो घाबरून विचारतो, "कोणाला काय झालं?"

वृद्धाश्रमाचं मी कोणाला सांगितलं नाही. ते या डायरीपुरतं.

२९ तारीख, शनिवार

नर्सबाईंचा निरोप आला. पांढरा ससा जाळीला नाक लावून बसतो, राखुंडी पलीकडून. काल दोघांनी एकाच वेळी गवत खाल्लं. नातीने निरोप चार वेळा वाचला. मी म्हटलं, अजून आणता येईल, नव्या मालकाच्या हातापाया पडू. ती म्हणाली, "नको आजोबा. तिला आता कोणीतरी शेजारी मिळालंय."

एवढी शहाणी ही कधी झाली? मी घरातच होतो की.

६ तारीख, रविवार, नवी जागा

आठवड्यानंतर लिहितोय. हातात काम होतं.

खिडकी माझ्या खांद्यापासून वर छतापर्यंत आहे. सकाळी सातला जो उजेड, तोच दुपारी चारला. चौतीस वर्षं त्या गॅलरीत मी ऊन चुकवत, पडदा सरकवत रंग जुळवला. असा उजेड मला कधीच मिळाला नव्हता. टेबलाची उंची बरोबर. सुताराने मला न विचारता पाय ठेवायला खाली आडवी पट्टी ठोकलीय. ते सूनबाईने सांगितलं असणार.

एजंटची सैल कवळी त्याच्याकडून मागून घेतली आणि बसवून दिली. आता टकटक वाजत नाही, फक्त बडबड ऐकू येते. त्याने आणखी दोन सैल कवळीवाले पाठवलेत. यंत्राला म्हणे दुरुस्ती येत नाही.

पण पहिलं काम वेगळंच केलं. काडेपेटीतला राखुंडीचा दात काढला, घासून गुळगुळीत केला आणि हिरडीच्या गुलाबी प्लास्टिकमध्ये बसवला. वर छोटी कडी. दिसायला सशाची अर्धी कवळी. पट्टीशी लावून पाहिला, सोळांपैकी एकाही छटेशी जुळला नाही. नातीला दिला. ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग नव्या घराची आपली किल्ली तिने त्याच कडीला अडकवली.

"आता माझे," म्हणाली, आणि कपड्यांतून पट्टी काढून आणली. तिने ती का वर ठेवली होती, ते आज माझ्या डोक्यात शिरलं.

खिडकीत उभी केली. तोंड वर, ओठ मागे. एकेक दात लावून पाहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ लावून पाहिला. छटा क्रमांक दोन, गेल्या वर्षीचीच. नोंद एक महिना आणि काही दिवस उशिरा. उशीर माझा.

चारला नर्सबाईंकडे जायचंय. मधली जाळी निघाली, राखुंडी आणि पांढरा एकाच टोपलीत झोपतात. गवत मी घेतलंय, वाळकं, टोचरं.